घोडा रोज त्याच मोरीवर बुजतो: आधी काय तपासायचं, मग काय करायचं

तक्रार थोड्याफार फरकानं अशीच असते. घोडा एरवी शहाणा आहे. खराऱ्याला उभा राहतो, खोगीर निमूट चढवून घेतो, कालव्याच्या रस्त्यानं दोन-अडीच किलोमीटर नीट चालतो. मग ती मोरी, म्हणजे रस्त्याखालून पाणी जायला बांधलेला छोटा पूल, येते. अलीकडे दहा-पंधरा पावलांवरच मान वर, कान टवकारलेले, नाकातून फुर्रर्र, आणि घोडा एकतर रस्त्याला आडवा होतो नाहीतर गर्रकन फिरून तबेल्याकडे तोंड करतो. काल हेच, आजही हेच. मोरीवर जाऊन बघावं तर बघण्यासारखं काही नसतं. कुणाकडे मोरीच्या जागी शेततळं असतं, कुणाकडे वाऱ्यावर फडफडणारा वाढदिवसाचा फ्लेक्स, कुणाकडे कुट्टी मशीनची शेड.

त्यावर गावात दोन सल्ले फुकट मिळतात. पहिला: माजलाय, दोन चाबूक ओढा, मुकाट जाईल. दुसरा: प्रेमानं घ्या, गूळ चारा, विश्वास बसेल. पहिल्यानं घोडा एखाद्या वेळी पार होतो, पण मोरीपाशी मार बसतो हे त्याच्या पक्कं ध्यानात राहतं आणि पुढच्या खेपेला तो दहाऐवजी तीस पावलांवरूनच नाही म्हणतो. दुसऱ्यात घोड्याचं नुकसान काही नाही, फक्त गूळ तो कुणाच्याही हातून खातो. घोडा माणसावर भरवसा ठेवतो तो दोन गोष्टींवरून. या माणसाच्या खुणेचा अर्थ काल होता तोच आज आहे का, आणि आपण बरोबर उत्तर दिलं की हा दाब लगेच सोडतो का. मोरीचं काम इथूनच करायचं आहे. पण घोड्याला काही दुखत नाही ना, हे बघितल्याशिवाय या कामाला हात घालू नका.

दुखणं आधी

वर्षभर याच रस्त्यानं गेलेला घोडा गेल्या महिन्यापासून नाही म्हणत असेल, तर मोरी बाजूला ठेवा आणि घोडा तपासा. पहिल्यांदा डोळे. फक्त डाव्या किंवा फक्त उजव्या बाजूच्या वस्तूंना बुजत असेल, त्या डोळ्यातून पाणी येत असेल, बुबुळावर धूसर किंवा निळसर झाक दिसत असेल, उन्हात तो डोळा मिटून घेत असेल, तर त्याच दिवशी पशुवैद्याला दाखवा. डोळ्याच्या आतली सूज घोड्यांमध्ये पुन्हा पुन्हा उलटते आणि दर वेळी थोडी नजर घेऊन जाते. घरात पडलेलं कुठलंही मलम घालू नका.

मग तोंड. घोड्याचे दात आयुष्यभर हळूहळू वर सरकत राहतात आणि चावताना झिजत राहतात. ही झीज सगळीकडे सारखी होत नाही, त्यामुळे वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडेला आणि खालच्या दाढांच्या आतल्या कडेला धार येते. लगाम ओढला की गाल त्या धारेवर दाबला जातो. वर्षातून एकदा दात तपासून, गरज असेल तर कानशीनं घासून घ्यावेत. आपल्याकडे नाल वेळच्या वेळी बदलणारे लोकही दाताकडे बघत नाहीत. लगामाच्या कड्याला काटे असतील तर ते आजच काढून टाका. काटेरी कडियाळं वापरायला १९६५ च्या नियमांनी देशभर बंदी आहे, तरी बाजारात ती उघड टांगलेली दिसतात. तोंडात काटे असलेला घोडा मोरीवर थांबतो तेव्हा तो मोरीला भ्यालाय की तुमच्या हाताला, हे ठरवायला मार्गच उरत नाही.

खूर बघा, आणि मोरीवरची जमीनही बघा. मातीचा रस्ता संपून मोरीवर काँक्रीट किंवा खडी लागते का? नाल ढिली झालेली, तळवा दुखरा झालेला घोडा नेमका तिथं पाय टाकायला कचरतो आणि आपण म्हणतो बुजला. नालबंदाला साधारण सहा आठवड्यांनी बोलवावंच लागतं. त्याच्याकडून खूर चिमट्यानं दाबून घ्या, कुठं दुखतंय ते घोडा लगेच सांगतो.

तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना कान पाडणं, पोटाकडे वळून चावायला बघणं, हे चिडकेपण सहसा पोटाचं किंवा पाठीचं असतं. घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत राहतं, खाल्लं तरी आणि नाही खाल्लं तरी. पहाटे रिकाम्या पोटी काढून ट्रॉटवर (दुडक्या चालीत) घेतलात तर ते आम्ल वरच्या नाजूक अस्तरावर उसळतं. निघण्याआधी अर्धा तास दोन पेंढ्या लसूणघास टाकली तर खर्च काही नाही. पाठीसाठी खोगीर उतरल्यावर घामाचा ठसा बघा. भिजलेल्या पाठीवर एखादा कोरडा पट्टा राहिला असेल तर तिथं खोगीर जास्त दाबतंय अशी शंका घ्या आणि कण्याच्या दोन्ही बाजूंनी बोटं फिरवून घोडा कुठं अंग चोरतो ते पाहा.

आणि वजन. हे लोकांना आवडत नाही, तरी सांगतो. स्वार अधिक खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या वर जाऊ नये, असा सर्वसाधारण दंडक आहे. काट्यावर घोडा चढवायची सोय नसेल तर फीत घ्या. पुढच्या पायांमागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. उत्तर किलोत येतं. १६० घेर आणि १५० लांबी असलेला घोडा भरतो ३२३ किलो, म्हणजे त्याच्या पाठीवर खोगिरासकट ६५ किलो. आपल्याकडचे बरेचसे देशी घोडे या अंगाचे असतात, आणि त्यांच्यावर बसणारे आपण कोणत्या अंगाचे, ते ज्यानं त्यानं बघावं.

तो बघतो कसा

घोड्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात. जवळजवळ ३५० अंशांचा घेर त्याला मान न वळवता दिसतो. दिसत नाही ते शेपटीच्या नेमकं मागचं आणि कपाळाच्या अगदी समोरचं, नाकाखालचं. जमिनीवरची वस्तू नीट बघायला त्याला मान खाली-वर करावी लागते. जेरबंद (मान वर जाऊ नये म्हणून लावलेला पट्टा) आवळून मान बांधून टाकली तर त्याचं बघणंच बंद होतं, आणि न दिसणाऱ्या वस्तूवरून जायला तुम्हीसुद्धा तयार होणार नाही. मोरीजवळ लगाम ढिला सोडा, त्याला मान खाली घालू द्या.

उजेडातून अंधारात गेल्यावर त्याची नजर बसायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. वडाखालची गर्द सावली, रेल्वेखालचा बोगदा, ऊन उतरताना रस्त्यावर पडलेली खांबाची लांब पट्टी, या सगळ्या त्याला खड्ड्यासारख्या दिसू शकतात. सकाळी जाणारा आणि संध्याकाळी अडणारा घोडा असेल तर आधी सूर्य कुठं असतो ते बघा.

रंगांतलं त्याला निळं आणि पिवळं ओळखू येतं, लाल-हिरव्यातला फरक कळत नाही. इंग्लंडमध्ये एक्सेटर विद्यापीठात झालेल्या अभ्यासानंतर शर्यतीच्या अडथळ्यांवरचा नारिंगी रंग बदलून पांढरा केला गेला, कारण नारिंगी पट्टी माणसाला भडक दिसत होती, घोड्याला नाही. आपल्या शेतांत निळी ताडपत्री, निळे पाइप, ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी आणि चकाकणारा मल्चिंग पेपर यांची काही कमी नाही.

जाताना नीट गेला आणि येताना त्याच वस्तूला बुजला, हे तर नेहमीचंच. तबेल्यात याचं जुनं उत्तर ठरलेलं आहे: एका डोळ्यानं पाहिलेलं दुसऱ्या डोळ्याला कळत नाही. ते खरं नाही. अमेरिकेतल्या संशोधक एव्हलिन हांगी यांनी १९९९ मध्येच दाखवून दिलं की एका डोळ्यानं शिकलेली आकृती घोडा दुसऱ्या डोळ्यानं ओळखतो. खरी अडचण वेगळी आहे. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात घोड्यांना लहान मुलांच्या खेळण्याच्या एका मोठ्या प्लास्टिकच्या सांगाड्याची सवय करून दिली आणि मग तो सांगाडा नुसता फिरवून ठेवला. घोडे पुन्हा नव्यानं दचकले. २०२१ मध्ये हे प्रसिद्ध झालं. म्हणजे कुट्टी मशीनची पुढची बाजू ओळखीची झाली तरी मागची बाजू घोड्याच्या लेखी दुसरी वस्तू असू शकते. तेव्हा मोरी दोन्ही बाजूंनी शिकवायची, हे गृहीत धरूनच चला.

कोण घाबरलंय ते शोधा

आता घोड्याला दुखत नाही हे कळलं, रस्ताही बघून झाला. पुढची तपासणी तुम्हाला एकट्यालाही करता येते, पण एका दिवसात उरकू नका.

खोगीर न घालता, मोहरकी (कडियाळं नसलेला तोंडाचा पट्टा) आणि लांब बागडोर (धरून न्यायची दोरी) घेऊन, त्याला पायी मोरीवर न्या. चरत चरत गेला आणि मोरीवर उभा राहून पलीकडचं गवत खाल्लं, तर मोरी निर्दोष आहे. दुसऱ्या दिवशी तसंच, पण पाठीवर खोगीर. आता अडला तर खोगीर आणि तंग पुन्हा तपासा. तिसऱ्या दिवशी हाताचा हलका असा दुसरा कुणी वर बसवा. त्याच्याखाली गेला आणि तुमच्याखाली जात नाही, तर उत्तर तुम्हाला मिळालंय, आवडलं नाही तरी. शेवटी दुसऱ्या वाटेनं जाऊन उलट बाजूनं, घराकडे तोंड करून मोरी ओलांडा. घराकडे येताना झपाझप जाणारा आणि घरातून निघताना अडणारा घोडा बहुधा मोरीला भ्यालेला नसतो, त्याला तबेला सोडवत नसतो. इतके दिवस मोरीवरून परत फिरलं की घर येतं, हे तुम्हीच त्याला शिकवलेलं असतं. त्यात त्याचा कावा नाही. जे केल्यावर सुटका झाली ते तो पुन्हा करतो, एवढंच.

वर बसलेल्या माणसाबद्दल स्वीडनमध्ये एक सुरेख प्रयोग झाला, २००९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. लोकांना घोडा धरून किंवा घोड्यावर बसून एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी फेऱ्या मारायला सांगितल्या. चौथ्या फेरीआधी सांगितलं की आता तुम्ही जवळून जाल तेव्हा हा माणूस छत्री उघडणार आहे. छत्री उघडलीच नाही. तरी माणसांच्या छातीचे ठोके वाढले आणि घोड्यांचेही वाढले. घोड्यांना छत्रीबद्दल कुणी काही सांगितलं नव्हतं.

तुमच्या मोरीवर रोज हीच न उघडलेली छत्री असते. पन्नास पावलं आधीपासून तुम्ही मोरीकडे टक लावून बघता, लगाम वीतभर आखूड होतो, पोटऱ्या आवळल्या जातात, श्वास अडकतो. घोड्याच्या बाजूनं बघा: मोरी आली की वरचा माणूस घट्ट होतो, तेव्हा तिथं नक्कीच काहीतरी असणार. नजर मोरीच्या पलीकडच्या झाडावर ठेवा आणि तोंडानं काहीतरी म्हणत राहा. आरती म्हणा, पाढे म्हणा, काहीही. म्हणताना श्वास रोखता येत नाही, तेवढ्यासाठीच हा उपाय आहे आणि तो लाजून सोडून देऊ नये.

एक प्रकार मात्र यात बसत नाही. दत्तजयंतीला सारंगखेड्याला तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो, अकलूजलाही भरतो. तिथून आणलेला घोडा पूर्वी नाचकामाला शिकवलेला असेल, तर लगाम धरून टाच दिली की त्यानं जागच्या जागी पाय उचलावेत, हेच त्याला पढवलेलं असतं. तुम्ही मोरीवर घाबरून लगाम आखडता आणि वर टाचही देता, तेव्हा तो शिकवल्याप्रमाणे नाचतो. त्याला बुजणं म्हणून मारलं तर तो पार गोंधळतो. अशा घोड्याला आधी मोकळ्या रानात ढिल्या लगामावर 'टाच म्हणजे पुढे' एवढा एकच धडा द्यायचा. वरातीतली घोडी डीजेसमोर निवांत उभी राहते म्हणून ती कशालाच भिणार नाही, असंही समजू नका. तिला डीजे माहीत आहे. शेततळ्याचा काळा कागद माहीत नाही.

रविवारचा स्वार

आपल्याकडच्या बहुतेक अडणाऱ्या घोड्यांचं मूळ मला इथं दिसतं, म्हणून यावर जरा जास्त बोलतो.

आठवडाभर घोड्याचं सगळं मोतद्दार बघतो. दाणा तो घालतो, पाणी तो दाखवतो, खरारा तो करतो, नालबंदासमोर तोच धरून उभा राहतो. मालक रविवारी बूट घालून येतो, बसतो, आणि थेट मोरीवर जाऊन घोड्याकडे भरवसा मागतो. बरं, मोतद्दार घोड्याला थांबवताना 'हो' म्हणतो आणि मालक त्याच 'हो'वर पुढे चालायला बघतो. मोतद्दार अंगानं ढकलून बाजूला सरकवतो, मालक दोरी ओढून. दोन माणसं, दोन भाषा, आणि घोडा मध्ये. शिवाय तो घोडा सहा दिवस आगाडी-पिछाडीला बांधलेला आहे आणि हरभऱ्याची चंदी, म्हणजे दाणा, त्याला रोज पूर्ण मिळते आहे. रविवारी तो बुजला नाही तरच नवल.

चंदीचं सोपं आहे. ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी ती निम्म्यावर आणा किंवा बंद ठेवा, गवत मात्र पोटभर द्या. ३५० किलोच्या घोड्याला दिवसाला पाच ते सात किलो कोरडी वैरण लागते, थोडी थोडी, दिवसभर. आणि बांधून ठेवण्याऐवजी कुंपण घातलेल्या जागेत रोज काही तास मोकळा सोडा, शक्यतो दुसऱ्या घोड्याच्या सोबतीनं.

भाषेचं जरा अवघड, कारण त्यासाठी मोतद्दारासोबत बसून ठरवावं लागतं आणि बऱ्याच मालकांना ते कमीपणाचं वाटतं. थांबायला कोणता शब्द, मागे सरायला कोणती खूण, बाजूला व्हायला हात कुठं लावायचा, हे दोघांचं एक असलं पाहिजे. मामा किंवा दादा म्हणत ज्याच्याकडून आपण दहा वर्षं कामं करून घेतो, त्याची खूण घोड्याला आधीच माहीत आहे. ती आपण शिकावी, हे जास्त सोयीचं. आठवड्यातून दोन दिवस संध्याकाळी येऊन नुसता खरारा करा, बसू नका. शाबासकी म्हणून मानेवर फाडफाड थापा मारू नका. आयाळ संपते तिथं, खांद्याच्या वर, बोटांनी खाजवा. घोडे एकमेकांना तिथंच खाजवतात. फ्रान्समध्ये कामार्ग जातीच्या घोड्यांवर १९९३ मध्ये केलेल्या अभ्यासात नेमक्या त्या जागी खाजवल्यावर छातीचे ठोके कमी होताना दिसले होते.

मग दोरीवरचं काम, तबेल्याच्या अंगणात. एक पाऊल पुढे, थांब, एक पाऊल मागे. बास, एवढंच. बागडोरीवर हलका ताण द्या आणि वाट बघा. झटका नको, ताण वाढवत नेणंही नको. घोड्यानं पाऊल उचललं, त्या क्षणी ताण शून्य. सगळी विद्या त्या क्षणात आहे. पाऊल पडून गेल्यावर दोन सेकंदांनी दोरी सोडलीत, तर त्याला वाटतं सुटका पाऊल उचलून झाली नाही, नंतर मान झटकून झाली. मग तो मान झटकायला शिकतो आणि आपण म्हणतो नाठाळ आहे. दिवसाला दहा मिनिटं पुरतात. घोडा दोरीच्या वजनावरच पाऊल मागे घ्यायला लागला, म्हणजे ताण येण्याआधीच, की मोरीवर जायला हरकत नाही.

मोरीवर

डोक्यावर हेल्मेट, पायात टाचेचे बूट, हातात दोरी पण हाताला गुंडाळलेली नाही. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची वर्दळ नसेल अशी वेळ निवडा. कालव्याच्या काठावर चुकूनही घोडा पाण्याच्या बाजूला आणि तुम्ही रस्त्याच्या बाजूला, अशी रचना ठेवू नका. दचकला तर तो पाण्यात जाईल आणि दोरीसोबत तुम्हीही. पाण्याच्या बाजूला तुम्ही असणं त्याहून वाईट, म्हणून दोघंही पाण्यापासून लांबच राहा. काठ अरुंद असेल तर हे काम तिथं करूच नये, तशीच वस्तू घरी उभी करून करावं.

पायी चालत जा. घोडा कुठं बदलतो ते ओळखा: कान पुढे खिळतात, मान कडक होते, चघळणं थांबतं. ती जागा दगड ठेवून खूण करा. त्या खुणेच्या पाच पावलं अलीकडे थांबा आणि काहीही करू नका. मान खाली येईल, पापण्या हलतील, एक लांब श्वास सुटेल. तो सुटला की तुम्ही घोड्याला वळवून परत चाला. हा परत फिरण्याचा भाग लोकांना पटत नाही. तोच तर घोड्याला हवा होता, मग दिला कशाला? फरक एवढाच की तो शांत असताना मिळाला, आणि तुमच्या सांगण्यावरून मिळाला. पुन्हा या, या वेळी चार पावलं अलीकडे. खूण ओलांडली गेली आणि तो घाबरलाच, तर त्याच क्षणी वळवू नका. तोंड मोरीकडेच ठेवून थांबा, ठोके उतरू द्या, एक पाऊल मागे मागा, त्यानं दिलं की वळा. गर्रकन फिरणं त्याच्या मर्जीनं कधीच होता कामा नये.

डेन्मार्कमध्ये दोन वर्षांच्या कोवळ्या घोड्यांना फडफडणाऱ्या पांढऱ्या नायलॉनच्या पिशवीची सवय लावताना तीन रीती ताडून पाहिल्या होत्या, २००६ मध्ये. भीतीची वस्तू एकदम पुढ्यात आणून सवय होईपर्यंत तशीच ठेवणं, खाऊशी जोडणं, आणि थोडी थोडी करत वाढवत नेणं. थोडी थोडी वाढवलेल्या घोड्यांना कमी खेपा लागल्या आणि ते पळालेही कमी. माझ्या पाहण्यातही हेच येतं. गूळ द्यायचा तर शांत झाल्यावर द्या, पुढे ओढून नेण्याचं आमिष म्हणून नको. आमिषानं तो मोरीवर पोचतो, गूळ संपतो, आणि मग आपण कुठं आलोय हे त्याच्या ध्यानात येतं.

सोबतीला दुसरा घोडा मिळाला तर उत्तम, पण तो या मोरीला सरावलेला हवा. निवांत सोबत्यामुळे नवख्या घोड्याची भीती कमी होते, हे त्याच डॅनिश संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं. सोबती पुढे, मग बरोबरीनं, मग मागे, मग लांब मागे, असा त्याला हळूहळू काढून घ्या. दोन्ही घोडे एकाच बाजारातून आलेले आणि दोघेही बुजणारे असतील तर मात्र एक एक करूनच न्या.

पायी जमलं की वर बसून. आता घोड्याचं तोंड मोरीच्या कठड्याकडे ओढून 'बघ, काही नाहीये' असं समजावू नका. तोंड थोडं पलीकडे वळलेलं, कठड्याच्या बाजूची पोटरी अंगाला लागलेली, लगाम लांब, चाल साधी. तो थबकला तर थबकू द्या. टाच द्यायची ती एकदाच, हलकी, आणि पाऊल पडलं की पोटरी ढिली. सतत टाचा मारत राहिलेला स्वार घोड्याला थोड्या वेळानं ऐकूच येत नाही. आणि उतरावंसं वाटलं तर घोडा बिथरायच्या आधी उतरा. उतरणं म्हणजे हार, घोडा डोक्यावर बसेल, हे तबेल्यातल्या फुशारकीचं बोलणं आहे. शांत घोड्यावरून उतरून त्याला पायी पार नेलंत तर त्यानं मोरी पार केलेलीच असते.

उधळलाच, तर दोन्ही लगाम एकदम ताणून धरू नका, तो त्यावर टेकून आणखी पळेल. ओढा, सोडा, ओढा, सोडा. रान मोकळं असेल तर एका हाताचा लगाम घेऊन मोठं वर्तुळ धरा आणि ते लहान करत आणा. अरुंद रस्त्यावर हे करायला जाऊ नका, तिथं सरळ राहणंच बरं.

किती दिवस लागतील, याला उत्तर नाही. दर खेपेला दगड पुढे सरकतोय का, एवढंच बघायचं. तीन-चार आठवडे रोज काम करूनही दगड तसूभर हलला नसेल, तर पुन्हा पशुवैद्याकडे जा, या वेळी डोळ्यासाठी आणि पाठीसाठी. घोडा मागच्या दोन पायांवर उभा राहत असेल तर घरगुती उपाय थांबवा आणि जाणत्या शिकवणाऱ्याला समोर उभं करा.

सगळं सुरळीत झालं, पावसाळा गेला, दिवाळीचे फटाकेही गेले, आणि नोव्हेंबर-डिसेंबरात एका सकाळी तो पुन्हा अडेल. याचं कारण मोरीच्या शेजारी असतं. ऊस तोडलेला असतो. काल जिथं दोन पुरुष उंचीची हिरवी भिंत होती तिथं आज उघडं रान, पाचटाचा ढीग, टोळीच्या पालांवरचं निळं प्लास्टिक, भुंकणारी कुत्री. घोड्याच्या हिशेबी हा रस्ता त्यानं पाहिलेलाच नाही. त्या दिवशी बसून जायचा हट्ट नको. उतरा, बागडोर लावा, दगड शोधा आणि पायीच सुरुवात करा. या वेळी लवकर उरकतं, बऱ्याचदा एक-दोन दिवसांत. आणि शेजारच्याचा ऊस कधी तुटणार आहे, हे आदल्या आठवड्यात चौकात विचारून ठेवा.